सत्तावीस कुंड्यांची राखण

सखूबाईचे हात स्वस्थ बसत नसत. शिरवण्यातल्या अर्ध्या गावाला त्या हातांचा उपयोग झाला होता आणि उरलेल्या अर्ध्याला त्रास. कुणाच्या दारात मिरच्या वाळत असल्या तर ही जाता जाता त्या उलथून जायची. कुणाचं तान्हं रडलं की ते आईच्या आधी हिच्या मांडीवर. कुणाच्या गॅसवर डाळ शिजताना दिसली की झाकण काढून आत मिठाचा खडा. विचारायचं वगैरे नाही. "इचारत बसलं तं काम कवा व्हायचं?" हे तिचं म्हणणं.

खरं म्हणजे त्या हातांना आता कामच उरलं नव्हतं. बापाचं मिठागर होतं उरणच्या बाजूला, सासरी खाडीकाठची भातशेती. दोन्ही शहराच्या पोटात गेलं. नवरा वामन गेल्याला सहा वर्षं झाली होती. मुलाने, मितेशने, गावठाणातल्या जागेवर तीन मजले चढवले, खाली भाडेकरू ठेवले आणि आईला वरच्या मजल्यावर टाइल्स, फ्रिज आणि पंख्याखाली बसवून ठेवलं. ज्या बाईने तीस पावसाळे चिखलात काढले, ती पंख्याखाली बसून बसून किती बसणार?

त्या घरात एकच जागा अशी होती जिथे तिला हात लावायची बंदी होती. ती म्हणजे सुनेची गॅलरी.

सून नमिता, उरणजवळच्या मोरा गावची. न्हावा शेवा बंदरात आलेला माल सोडवून देणाऱ्या एका एजंटच्या बेलापूरच्या ऑफिसात ती कामाला होती. तिथल्या एका मैत्रिणीने तिला एक कुंडी दिली, आणि तिथून ते वेड लागलं. गुबगुबीत पानांची झाडं. कोणाची पानं नाण्यासारखी गोल, कोणाची गुलाबाच्या फुलासारखी एकात एक रचलेली, कोणाची सशाच्या कानासारखी मऊ लवेची, एकाचा तर नुसता हिरव्या मोत्यांचा सर खाली लोंबत असे. नमिता त्यांना 'सक्युलंट' म्हणायची. सखूबाई म्हणायची, "तुजी ती मोरसां." मोरस म्हणजे मिठागराच्या बांधावर उगवणारी रसरशीत पानांची भाजी. तिच्या लेखी जाड पानाचं सगळं मोरसच.

बंदी का होती, तर लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात एक बुटकं खोड पानं गाळून झोपी गेलं. ते झोपलंय हे फक्त नमिताला ठाऊक होतं. सखूबाईने ते मेलं समजून उपटलं आणि त्या कुंडीत मिरची लावली. मिरच्या बाकी झकास आल्या. नमिताने त्यातली एकही खाल्ली नाही.

पुढे नमिताला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून दसरा झाल्यावर ती मोऱ्याला जायची होती. जायच्या दोन दिवस आधी सखूबाई पडवीसारख्या पॅसेजमध्ये तांदूळ पाखडत बसली होती आणि आत नवराबायकोचं बोलणं चाललं होतं.

"बाळाला मी मोऱ्यालाच ठेवणार," नमिता म्हणत होती. "ऑफिस सुरू झालं की सोमवार ते शुक्रवार माझ्या आईकडे. शनिवारी आपण आणू."

"आणि इकडे आये बसलीय ती?"

"आईंच्या हातांना दम धरवत नाही रे. त्या झाडाला जगू देत नाहीत, तर मूल..." एवढं बोलून ती थांबली. पण थांबून काय उपयोग, बाण सुटलेला होता.

सखूबाईने सूप खाली ठेवलं. आयुष्यात तिला फार काही मागायचं उरलं नव्हतं. येणारं मूल आपल्या मांडीवर वाढावं, एवढं एकच होतं. आणि ते आता आठवड्यातून दीड दिवस मिळणार होतं, पाहुण्यासारखं.

निघायच्या सकाळी मितेशने बॅग उचलता उचलता थट्टा केली. "असं कर नमिता, तुझी सत्तावीस कुंड्यांची फौज आयेच्या ताब्यात दे. ती टिकली तर पोर पण टिकेल."

नमिता हसली नाही. तिने सासूकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ठीक आहे. बघू या."

मग तिने सखूबाईला गॅलरीत नेलं. भिंतीवरच्या कॅलेंडरात दर पंधरा दिवसांनी एका गुरुवारभोवती लाल गोल काढला होता. त्या दिवशी प्रत्येक कुंडीला अर्धा पेला पाणी. "बाकीच्या दिवशी काही करायचं नाही आई. नुसतं बघायचं."

"बगून काय वाडतं गो?"

"ही बघूनच वाढतात," नमिता म्हणाली आणि गाडीत बसली.

पहिले दोन गुरुवार सखूबाईने असे पाळले की संकष्टीसुद्धा तिने इतकी कडक कधी पाळली नव्हती. मोजून अर्धा पेला. बाकीचे दिवस गॅलरीच्या उंबऱ्यावर बसून नुसतं बघणं. आणि बघणं हे काम किती अवघड असतं हे तिला तेव्हाच कळायला लागलं. पान धुळकटलं की बोटं शिवशिवायची. कुंडी वाकडी दिसली की जीव खालीवर व्हायचा. ती पदरात हात गुंडाळून बसायची.

नोव्हेंबरात ऊन कडक पडलं. नाण्यासारख्या पानांचं जे झाड होतं, जेड, नमिताचं सर्वांत जुनं, त्याच्या पानांवर सुरकुत्या दिसायला लागल्या. लाल गोलाला अजून पाच दिवस होते. सखूबाई सुरकुत्या बघत बसली आणि बघता बघता तिच्या डोक्यात मिठागर आलं.

तिच्या बापाच्या बांधावर दुसरं गवताचं पातं उगवत नसे, पण मोरस कशी तट्ट फुगलेली असायची. पान मोडलं की खारट पाणी. आई ती जवळा घालून करायची आणि वरून मीठ म्हणून घालावं लागायचं नाही. तीच मोरस पावसाळ्यात गोड्या पाण्याने मरगळायची. म्हणजे जाड पान कशावर पोसतं? मिठावर. शहरातल्या पोरींना हे कोण सांगणार? नारळाच्या बुंध्यात मीठ घालतातच की. मिठावर वाढलेल्या बाईला हे पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

आणि नियम तर ती मोडणारच नव्हती. पाण्याचा दिवस, पाण्याचं माप, सगळं नमिताने सांगितलं होतं. मिठाबद्दल तिने एक अक्षर काढलं नव्हतं.

गुरुवारी बादलीत खडेमिठाची एक मूठ विरघळली. प्रत्येक कुंडीला अर्धा पेला.

आता याला नशीब म्हणा की नशिबाची थट्टा, पण दोन दिवसांत सुरकुत्या गेल्या. पानं टरारली. तहानलेल्या झाडाला पाणी मिळालं होतं, बाकी काही नाही. पण सखूबाईने त्याचं श्रेय मिठाला दिलं आणि मिठाकडून स्वतःला घेतलं. रविवारी मोऱ्याहून फोन आला तेव्हा तिने छाती फुगवून सांगितलं, "तुजी झाडां बग येऊन. वलकनार पन नाय." नमिता पलीकडून म्हणाली, "खरंच?" त्या एका शब्दातला मऊपणा सखूबाईने दिवसभर पुरवून पुरवून ऐकला.

पुढच्या गुरुवारपर्यंत पानांची टोकं तपकिरी पडायला लागली. तिला वाटलं, मीठ कमी पडलं. तिने दोन मुठी घातल्या.

आठ दिवसांत गॅलरीची स्मशानभूमी झाली. मोत्यांचा सर वाळून सुतळी झाला. गुलाबं बुडाशी काळी पडली. जेडची पानं हात न लावता टपटप गळायला लागली. आणि एका सकाळी उन्हं तिरप्या कोनात आत आली तेव्हा सखूबाईला कुंड्यांतल्या मातीवर पांढरा थर चमकताना दिसला.

तो थर तिच्या ओळखीचा होता. बापाच्या मिठागरात पाण्यावर असा पांढरा पापुद्रा धरला की बाप बांधावरून ओरडायचा, "आलां रे आलां!" आणि त्या दिवशी घरात गोड व्हायचं. लहानपणी तिने याच्यापेक्षा सुंदर काही पाहिलं नव्हतं. तिने बोट मातीला लावलं, जिभेला लावलं, आणि ती गॅलरीतच खाली बसली. सत्तावीस कुंड्यांत तिने सत्तावीस मिठागरं पिकवली होती.

मितेश संध्याकाळी आला तेव्हा ती तशीच बसलेली होती. त्याने कुंड्या पाहिल्या, आईचं तोंड पाहिलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने कपाळाला हात लावला, पण ओरडला नाही. "टेन्शन घेऊ नको आये. हायवेच्या नर्सरीत सेम टू सेम मिळतात. कुंड्या त्याच, झाडं दुसरी. तिला कोण सांगणार आहे?"

"मी खोटां बोलू?"

"बोलू नको. गप्प राहा. तेवढं तर जमेल?" मग तो हळू आवाजात म्हणाला, "नाहीतर पोर मोऱ्याला राहील. तुला चालेल?"

सखूबाई गप्प राहिली. ते तिला चालणार नव्हतं.

पुढच्या रविवारी टेम्पोतून झाडं आली. नवी माती, नवी पानं, मोत्यांचासुद्धा नवा सर. मितेशने मेलेली झाडं पोत्यात भरली आणि कचराकुंडीकडे निघाला, तेव्हा सखूबाईने पोतं धरून ठेवलं. "ऱ्हाव दे. मी टाकीन."

तिने टाकलं नाही. गच्चीवर जाऊन पोतं उपडं केलं आणि एकेक पान चाचपत बसली. काळं, मऊ पडलेलं बाजूला. ज्या पानात अजून जीव वाटत होता ते वेगळं. माहेरी विहिरीपाशी पानफुटी असायची, तिचं पान नुसतं भिंतीवर ठेवलं तरी कडेने पिल्लं फुटायची. ही पण पानंच आहेत की. एकतीस पानं निघाली. बांधकामाची उरलेली वाळू तिने गोड्या पाण्याने नऊ वेळा धुतली, दर वेळी चाखून. नवव्यांदा जीभ खारी झाली नाही, तेव्हा तिने ती जुन्या परातीत पसरली आणि वर पानं मांडली. मितेशला यातलं काही सांगितलं नाही.

आणि मग काहीच करायचं नव्हतं. नुसतं बघायचं.

पहिल्या आठवड्यात सात पानं कुजली. दुसऱ्यात पाच. प्रत्येकाला उलटून बघायची, दाबायची, पाणी पाजायची इच्छा तिने गिळली. आठ दिवसांतून एकदा चमच्याने वाळूवर शिंतोडे, बस्स. रोज सकाळी ती परातीपाशी उकिडवी बसायची, आणि एक दिवस तिला कळलं की असं बसलेलं कुणीतरी तिने पूर्वी पाहिलंय. तिचा बाप. वाफ्यात पाणी घेतलं की तो बांधावर दिवसचे दिवस असाच बसायचा. पोरांनी पाण्यात काठी घातली तर अंगावर धावून यायचा. "पान्याला हात लावू नका. मीठ धरतंय." मिठागरातलं सगळं तिच्या लक्षात राहिलं होतं, मीठ, मोरस, पांढरा पापुद्रा. एवढंच कसं विसरलं? तिला बापाची फार आठवण आली आणि ती गच्चीवर एकटीच रडली.

डिसेंबरात मुलगी झाली. बारशाला सखूबाई मोऱ्याला जाऊन आली. नाव सुनयना ठेवलं. बाळ तिच्या मांडीवर जेमतेम पाच मिनिटं होतं. तिने टोपडं सारखं केलं, नाक चिमटीत धरून जरा ओढलं, दुपटं सोडून पुन्हा बांधलं, आणि नमिता म्हणाली, "द्या आई, तिची झोपेची वेळ झाली." विहीणबाईंनी बाळ उचलून आत नेलं. जायच्या आधी नमिताने विचारलं, "झाडं?" मितेशनेच घाईघाईने उत्तर दिलं, "एकदम मस्त!" सखूबाईने ताटातला पेढा बोटांनी कुस्करला आणि तोंडात घातला नाही.

जानेवारीत एका पानाच्या देठाशी गुलाबी दोरा दिसला. मग दुसऱ्याला. फेब्रुवारी उजाडेपर्यंत एकतिसातली नऊ पानं उरली होती, आणि प्रत्येकाच्या बुडाशी तुरीच्या डाळीएवढं नवं झाड बसलं होतं.

नमिता आली ती फेब्रुवारीतल्या एका शनिवारी. दारात सखूबाईने मायलेकींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. दृष्ट काढायला मीठमोहरी मुठीत घेतली. तेवढ्यात नमिताची नजर आत, गॅलरीच्या उघड्या दारातून पलीकडे गेली. ती दोन पावलं पुढे झाली. सत्तावीस कुंड्या उन्हात टवटवीत उभ्या होत्या.

"आई..." तिचे डोळे भरून आले. "मी तुमच्याबद्दल काय काय बोलले हो. एवढी छान तर मी पण ठेवली नसती." मग ती मितेशकडे वळून म्हणाली, "मोऱ्याचं राहू दे. ही इथेच राहील, आईंजवळ." आणि तिने बाळ पुढे केलं.

मितेश आईकडे बघून हसला. सगळं जमलं होतं. ज्याच्यासाठी सखूबाईने चार महिने रात्रीचा दिवस केला ते दोन हातांच्या अंतरावर, दुपट्यात जांभया देत होतं. फक्त हात पुढे करायचे होते. पण उजव्या हाताच्या मुठीत मीठ होतं आणि ती मूठ काही उघडेना.

"नको गो," ती म्हणाली. "आदी ऐक."

"आये!" मितेश म्हणाला.

"तू गप ऱ्हा. नमिते, ही झाडां तुजी नायत. तुजी मी मारली. मीठ घातलां. मना वाटलां मोरस हाय, मिठावर जगंल. ही ह्यानी नर्सरीतशी आनलीत."

नमिताने बाळ छातीशी ओढून घेतलं. ती गॅलरीत गेली. एकेका कुंडीपाशी वाकून बघत राहिली, मग खोलीत गेली आणि दार लोटलं. मितेश आईवर चिडून खाली निघून गेला. सखूबाई मुठीतलं मीठ घेऊन तशीच उभी राहिली. घामाने त्याला पाणी सुटलं होतं.

दुपारी तिने गच्चीवरून परात आणली आणि नमितासमोर ठेवली. "येवडी ऱ्हायली. नऊ."

नमिता परातीवर वाकली. मग तिने एक पान अलगद उचललं, खालची मुळं बघितली आणि होतं तसं परत ठेवलं. "पाणी किती घालता?"

"आठ दिवसांनी. चमचाभर."

"आणि एरवी?"

"बगते."

नमिताने परातीवरून नजर काढली नाही. "ते जेड तीन वर्षांचं होतं आई. मला राग आलाय, आणि तो आज जाणार नाही."

"नको जाव दे," सखूबाई म्हणाली.

रविवार असाच गेला. मोऱ्याचं नावही निघालं नाही आणि शिरवण्याचंही नाही. बाळ नमिताच्या खोलीत आणि सखूबाई स्वयंपाकघरात. सोमवारी सकाळी मितेश कामावर गेला. नमिता खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आली. बाळ हॉलमध्ये गोधडीवर झोपलं होतं. तिने बाळाकडे पाहिलं, बाथरूमच्या दाराकडे पाहिलं, खिडकीतून खालच्या भाडेकरणीला हाक मारावी की काय असा विचारही तिच्या तोंडावर दिसला. शेवटी ती म्हणाली, "आई, मी अंघोळ करून येते. काही करू नका. नुसतं बघा."

सखूबाई गोधडीपासून हातभर अंतरावर मांडी घालून बसली.

पाचएक मिनिटांनी बाळाने तोंड वेडंवाकडं केलं. मग डोळे उघडले, छताकडे बघून विचार केला आणि सूर लावला. सखूबाईचे दोन्ही हात आपोआप पुढे गेले. तिने ते मागे घेतले आणि स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले. बाळ लाल झालं. पाय झाडायला लागलं. दुपटं सुटलं. सखूबाई बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती बघत होती.

बाथरूमचं दार धाडकन उघडलं. नमिता कशीबशी गाऊन अडकवून, डोक्यावर साबणाचा फेस घेऊन धावत आली. "आई! केव्हाची रडतेय ती!"

"तूच बोललीस. नुसतां बगायचां."

नमिता जागच्या जागी थांबली. तिने सासूच्या मांड्यांखाली दाबलेले हात पाहिले. साबणाचं पाणी तिच्या भुवईवरून डोळ्यात उतरत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

"अहो, घ्या ना तिला," ती म्हणाली. "ती काय झाड आहे?"

सखूबाईने हात बाहेर काढले. मुंग्या आल्या होत्या. पदराला ते दोनदा पुसले आणि मग बाळ उचललं.

नमिता जरा वेळ बघत उभी राहिली. मग परत आत गेली, दाराला कडी लावली आणि डोक्यावरचा साबण सावकाश धुतला.